विहिरीच्या भिंतीवरची साक्ष

जालना जिल्ह्यातील एखाद्या जुन्या विहिरीच्या काठावर उभे राहून आत पाहिले, की भिंतीवर थरांची एक मांडणी दिसते. वर हात-दोन हात काळी माती, तिच्याखाली पिवळट मुरूम, त्याखाली विहीर खोदणारे ज्याला ‘मांजऱ्या’ म्हणतात तो सच्छिद्र, पांढऱ्या ठिपक्यांचा खडक, आणि अखेरीस पहारीला दाद न देणारा काळा पाषाण. काही ठिकाणी दोन खडकांच्या मधोमध विटकरी मातीचा एक पट्टा लागतो. गावकऱ्यांना हे सारे पाठ असते. कारण कोणत्या थराला पाणी लागेल आणि कोणत्या थरात पैसा बुडेल, यावर त्यांचा संसार अवलंबून असतो.

२०१३ च्या उन्हाळ्यात अंबड तालुक्यातील अशाच एका विहिरीच्या काठावर आम्ही काही मंडळी उभे होतो. २०१२ चा पाऊस दगा देऊन गेला होता. पलीकडे मोसंबीची बाग वाळून उभी होती आणि विहीर आणखी खोल नेण्याचे काम चालले होते. बागेचा म्हातारा मालक खाली पाहत म्हणाला, “ह्या दगडानं असले लई उन्हाळे पाह्यलेत. पाऊस काय आत्ताच रुसला का?” त्याच्या शेजारी रिकामी घागर घेऊन उभी असलेली त्याची सून हळूच म्हणाली, “कोनाचं पाप भोगायलो आपन, देवच जाने.” आम्ही त्या दोघांपैकी कोणालाच उत्तर दिले नाही. देता येण्यासारखे उत्तर आमच्यापाशी नव्हते. मात्र ती दोन वाक्ये तेव्हापासून आमच्या मनात शेजारी शेजारी राहिली आहेत. एकाने दगडाला साक्षीला बोलावले आणि दुष्काळाला नेहमीची गोष्ट ठरवले. दुसरीने देवाला साक्षीला बोलावले आणि दुष्काळाला शिक्षा ठरवले. या दोन साक्षींमधून माणसाच्या जबाबदारीविषयी काय निष्पन्न होते, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

दगडाला साक्षीला बोलावायचे, तर त्याची भाषा आली पाहिजे. ती भाषा प्रथम ज्यांनी सूत्रबद्ध केली, त्यांचे नाव आपल्या ख्रिस्तसभेत आदराने घेतले जाते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कोपनहेगन येथे १६३८ साली जन्मलेले निकोलस स्टेनो हे शरीरशास्त्रज्ञ होते. १६६६ साली फ्लॉरेन्स येथे एका प्रचंड शार्क माशाच्या डोक्याचे विच्छेदन करताना त्यांना दिसले, की डोंगरातील खडकांत सापडणारे ‘जिभेचे दगड’ हे वस्तुतः शार्कचे दातच आहेत. मग समुद्रातील दात डोंगरात कसा गेला? या प्रश्नाचा पाठपुरावा करून १६६९ साली त्यांनी आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील मूलतत्त्व अगदी साधे आहे : गाळाचे थर मुळात आडवे साचतात, आणि खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. दरम्यान, १६६७ साली त्यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली होती. पुढे ते धर्मगुरू झाले, १६७७ साली बिशप झाले, आणि १९८८ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले. विज्ञान आणि श्रद्धा यांच्या वैराच्या गोष्टी आपण फार ऐकतो. स्टेनोंच्या बाबतीत थर वाचणारा डोळा आणि प्रार्थनेत झुकणारे मस्तक एकाच माणसाचे होते.

त्यांच्या सूत्राने जालन्याची विहीर वाचू लागलो, तर पहिला धक्का काळाचा बसतो. तो काळा पाषाण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहत आलेल्या तप्त लाव्ह्याचा आहे. लाव्ह्याचे असे थरावर थर साचून दख्खनचे पठार झाले. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्याखाली आहे. परंतु लाव्हा अखंड वाहत नव्हता. मध्यंतरी दीर्घ विसावे होते. त्या काळात वरच्या खडकावर ऊन-पाऊस पडला, तो कुजला, त्याची माती झाली, आणि पुढच्या लोटाने ती माती झाकून टाकली. विहिरीत दिसणारा विटकरी पट्टा म्हणजे हीच पुरलेली जमीन होय. दोन अग्निप्रलयांच्या मधल्या शांततेची ती खूण आहे.

लाव्ह्यात जीवाश्म टिकत नाहीत. पण या विसाव्यांच्या काळात जी तळी साचली, त्यांच्या गाळात ते टिकले. नागपूरजवळ टाकळी येथे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अशा गाळातून गोगलगायींचे शंख, माशांचे अवशेष आणि वनस्पतींची फळे जमवली. पुढे छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलान येथे निपा या ताडवर्गीय झाडाची अश्मीभूत फळे मिळाली. हे झाड आज समुद्रकाठच्या खाजणात, मचूळ पाण्यात वाढते. आज जेथून समुद्र शेकडो कोस दूर आहे, तेथे एकेकाळी खाऱ्या वाऱ्याचा शिरकाव होता असे ते फळ सांगते.

आपल्या अधिक जवळच्या काळाकडे येऊ. जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणाऱ्या गोदावरीच्या जुन्या गाळात, वरच्या अंगाला नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर येथे, आज नामशेष झालेल्या विशालकाय हत्तीचे अवशेष मिळाले. भूवैज्ञानिक गाय पिलग्रिम यांनी १९०५ साली त्यांची नोंद प्रसिद्ध केली. अजिंठ्याच्या डोंगररांगेपलीकडे, चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीची शहामृगाच्या अंड्याची कवचे सापडली. त्यांतील एका तुकड्यावर माणसाने कोरलेली नक्षी आहे. ज्या डोंगरपायथ्याशी आज केळी आणि कापूस आहे, तेथे शहामृग धावत होते आणि त्यांच्या अंड्यावर रेघा ओढायला कोणाला तरी सवड होती. एकाच भूमीने खाजण, लाव्हा, हत्तींची कुरणे आणि शहामृगांची माळराने अशी किती रूपे पालटली!

परंतु आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा साक्षीदार मंठ्याच्या पुढे, जिल्ह्याची सीमा ओलांडल्यावर भेटतो. ते म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर. उल्कापाताने पडलेल्या या विवराचे वय पूर्वी सुमारे ५२ हजार वर्षे मानले जाई. नव्या मोजणीने ते पावणेसहा लाख वर्षांच्या आसपास निघाले. या विवरातून पाणी बाहेर जायला वाट नाही. त्यामुळे पावसाबरोबर जे जे आत आले ते तळाशी साचत राहिले. भारतीय आणि जर्मन संशोधकांनी सरोवराच्या तळातून गाळाचा सुमारे १० मीटर लांबीचा स्तंभ बाहेर काढला. त्यात गेल्या ११ हजार वर्षांतील पावसाळ्यांचा हिशेब होता. गाळातील परागकण, सेंद्रिय द्रव्ये आणि क्षारांचे स्फटिक यांवरून तो वाचला गेला. गेलुसाइट नावाचा एक क्षार आहे. पाणी आटून फार खारट झाले, तरच त्याचे स्फटिक तयार होतात. स्तंभाच्या ज्या भागात ते सापडले, तेथे दुष्काळाचे हस्ताक्षर उमटले होते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाऊसमान दीर्घकाळ खालावल्याचे दोन कालखंड दिसतात : पहिला आजपासून सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा आणि दुसरा सुमारे २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा.

म्हणजे म्हाताऱ्या शेतकऱ्याचे म्हणणे खरेच होते. या दगडाने असले पुष्कळ उन्हाळे पाहिले आहेत. आणि ज्यांच्यापुढे १९७२ चा दुष्काळही किरकोळ वाटावा, असेही पाहिले आहेत. त्या काळी ना कारखाने होते, ना मोटारी, ना कूपनलिका. ही साक्ष ऐकल्यावर आपल्या मनात दोन विचार येतात. त्यांतील एक आपल्याला मोकळे करणारा आहे आणि दुसरा फसवणारा. दोन्ही एकाच वेळी आणि एकाच चेहऱ्याने येतात, म्हणून त्यांची निवड करणे कठीण जाते.

मोकळे करणारा विचार त्या सुनेसाठी आहे. दुष्काळ हा कोणा एका घराच्या वा गावाच्या पापाचा दंड नव्हे. सरोवराच्या तळाशी गेलुसाइटचे स्फटिक साचत होते, तेव्हा ते कोणाच्या पापपुण्याचा जमाखर्च पाहून साचत नव्हते. प्रभू येशूनेही हेच शिकवले. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसे मेली, तेव्हा ती इतरांहून अधिक पापी होती काय, असे त्याने विचारले आणि स्वतःच नकार दिला. जन्मांधाकडे बोट दाखवून शिष्यांनी कोणाच्या पापाची चौकशी केली, तेव्हाही त्याने तो प्रश्नच बाजूला सारला. ज्याची बाग वाळली त्याच्या दुःखावर दोषाचे ओझे लादणे, हे ईयोबाच्या मित्रांचे काम आहे. विहिरीची भिंत त्या मित्रांच्या विरुद्ध साक्ष देते, आणि म्हणून ती आम्हांला एक प्रकारची करुणा वाटते.

फसवणारा विचार म्हाताऱ्याचा नव्हे. तो त्याच्या तोंडचे शब्द उसने घेणाऱ्या सुशिक्षितांचा आहे. हवामान तर नेहमीच बदलत आले, मग आजच्या बदलाचा दोष माणसाला का द्यायचा, असे ते विचारतात. येथे दगडाच्या तोंडी तो न बोललेले शब्द घातले जात आहेत. गावच्या विहिरीत पूर्वी माणसे पाय घसरून पडली होती; तेवढ्यावरून आज पडलेल्याला कोणी ढकललेच नाही, असे ठरत नाही. त्यासाठी काठावरील पावलांचे ठसे पाहावे लागतात. आजच्या बदलाचे ठसे पाहिले गेले आहेत. अंटार्क्टिकावरील बर्फात कोंडलेले हवेचे बुडबुडे हीही एक थरांची विहीरच आहे. तीत ८ लाख वर्षांची हवा साठली आहे. त्या संपूर्ण काळात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दर दहा लाख भागांत साधारण १८० ते ३०० च्या दरम्यान वरखाली होत राहिले. आज ते ४२० च्या वर गेले आहे आणि ही चढण मुख्यतः गेल्या दोन शतकांतील आहे. ती कशाने झाली, हेही उघड आहे : जुन्या अरण्यांचा आणि सागरी जीवांचा जो साठा खडकांच्या थरांत कोळसा आणि तेल होऊन निजला होता, तो आपण काही पिढ्यांत जाळून हवेत सोडला. कोट्यवधी वर्षांच्या थरांची पानेच आपण चुलीत घातली, असे म्हणावे लागेल.

म्हणून प्राचीन दुष्काळांची साक्ष आजच्या माणसाला निर्दोष सोडत नाही. उलट ती सांगते, की ही भूमी मुळातच नाजूक आहे. वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, खाली पाणी फारसे न धरणारा खडक, आणि पाऊसमान शतकानुशतके खालावू शकते असा इतिहास. ज्या घराचा पाया कच्चा असल्याचे कागदोपत्री सिद्ध आहे, त्या घराच्या भिंतीला धक्के देणाऱ्याचा अपराध कमी होतो की वाढतो? ‘खोटी साक्ष देऊ नको’ ही आज्ञा आपण शेजाऱ्याच्या संदर्भात शिकलो. आम्हांस वाटते, की दगडाच्या नावे खोटी साक्ष देणे हेही त्या आज्ञेचेच उल्लंघन आहे. कारण त्या खोट्या साक्षीचा भुर्दंड अखेर शेजाऱ्यालाच पडतो. आणि हा शेजारी कोण? हवेत गेलेल्या धुरात ज्याचा वाटा नगण्य, तोच कोरडवाहू शेतकरी. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश यांची सांगड घातली, ती म्हणूनच मराठवाड्यात कोणाला समजावून सांगावी लागत नाही.

येथवर दोषाचा विचार झाला. पण दोष आणि जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जे संकट आपण आणलेले नाही, त्याच्याविषयीही आपली जबाबदारी असते. उत्पत्तीच्या पुस्तकातील योसेफ सात वर्षांच्या दुष्काळाची वार्ता ऐकून कोणाच्या पापाची चौकशी करीत बसत नाही. तो कोठारे बांधतो. ही कथा आपण नेहमी येथपर्यंतच सांगतो. पण ती पुढे आहे. धान्यासाठी लोकांनी आधी पैसा दिला, मग गुरे दिली, मग जमिनी दिल्या, आणि शेवटी ते फारोचे दास झाले. दुष्काळात जगवणारा हात आणि बांधणारा हात एकच असू शकतो, हे पवित्र शास्त्राने लपवलेले नाही. टँकरच्या फेऱ्या मोजणाऱ्या आणि सावकाराच्या दारी उभ्या राहिलेल्या गावांना ते निराळे सांगायला नको.

प्राचीन महाराष्ट्रातही हा प्रश्न होताच. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे घोड नदीकाठी ताम्रपाषाणयुगातील एका खेड्याचे उत्खनन १९६८ पासून अनेक वर्षे चालले. तेथे चौकोनी घरे होती, पाण्याचा पाट होता, मुखियाचे म्हणता येईल असे मोठे घर आणि त्याच्या शेजारी कोठार होते. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास चित्र पालटते. ऐसपैस घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात, शेती आक्रसते, माणसे शिकारीकडे आणि भटकंतीकडे वळतात, आणि काही शतकांत गाव ओस पडते. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी याचे कारण वाढत्या कोरडेपणात शोधले. या घरांच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत पुरलेली लहान मुले सापडली. अशा मुलाच्या आईने कोणाचे पाप म्हणून विचारले असेल, याची नोंद गाळात होत नाही. थर पाऊस सांगतात. हुंदका सांगत नाहीत. तो आपल्याला आपल्या काळजातून ऐकावा लागतो.

तरीही पाऊस उणा झाला म्हणजे सारे संपलेच, असा निष्कर्ष थरांतून निघत नाही. लोणारच्या गाळातील दुसरा कोरडा कालखंड म्हणजे साधारणतः सातवाहनांपासून यादवांपर्यंतचा काळ. याच काळात भोकरदन, म्हणजे प्राचीन भोगवर्धन, हे गजबजलेले नगर होते. याच काळात अजिंठा आणि वेरूळ कोरले गेले. पाऊसमान कमी असताना माणसांनी काय उभारले, हेही पावसाइतकेच त्यांच्या हातांवर अवलंबून होते.

जालना तालुक्यातील कडवंची हे गाव याच गोष्टीची आजची साक्ष आहे. १९९६ साली तेथे इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाखाली काम सुरू झाले. या कार्यक्रमाची कल्पना स्विस येशूसंघीय धर्मगुरू फादर हर्मन बाखर यांची. अहिल्यानगर (तेव्हाचा अहमदनगर) जिल्ह्यातील दुष्काळाने त्यांना शिकवले होते, की दानाच्या गव्हापेक्षा डोंगरमाथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवणे अधिक टिकाऊ धर्मकार्य आहे. कडवंचीच्या लोकांनी श्रम केले, बांध घातले, माती धरून ठेवली. २०१२-१३ च्या दुष्काळातही तेथील द्राक्षबागा तगल्या. परंतु येथेही आत्मपरीक्षण सुटत नाही. अडवलेले पाणी जमिनीत मुरवणारे गाव आणि जमिनीतले पाणी उपसून प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यात साठवणारा शेतकरी, या दोघांच्या तळ्यांना आपण एकच नाव देतो. पहिला सर्वांचे कोठार भरतो. दुसरा सर्वांच्या कोठारातून स्वतःचे भरतो. जिल्ह्यात आज अनेक ठिकाणी कूपनलिका शेकडो फूट खाली गेल्या आहेत. जे पाणी मुरायला कित्येक पावसाळे लागले, ते एका हंगामात संपवणे म्हणजे थरांची आणखी काही पाने फाडणे होय.

राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून घेताना आपण माती आहोत हे आपल्याला आठवून दिले जाते. थरांचा अभ्यास करणाऱ्याला हे वाक्य अक्षरशः खरे वाटते. आपणही एक थर होणार आहोत. निजामाच्या काळात जालना शहराच्या पाण्यासाठी बांधलेल्या घाणेवाडी तलावातून नागरिकांनी पुढाकार घेऊन गाळ काढला आणि शेतकऱ्यांनी तो आपल्या शेतांत पसरला. तो गाळ म्हणजे वरच्या शेतांतून वाहून आलेली मातीच होती. लोणारला जी गोष्ट संशोधकाचा ग्रंथ झाली, ती घाणेवाडीला शेतकऱ्याचे खत झाली. आमच्या पिढीच्या थरात पुढे कोणी छिद्र पाडील, तेव्हा त्याला प्लॅस्टिकचे तुकडे सापडतील, काजळी सापडेल, बदललेल्या पावसाची खूणही सापडेल. त्या खुणेच्या वर, पुढच्या थरात, काय सापडावे हे मात्र अद्याप ठरायचे आहे. आधीच्या कोणत्याही थराला स्वतःविषयी हे ठाऊक नव्हते. आपल्याला ठाऊक आहे. आणि हे ज्ञान हीच आपल्या जबाबदारीची सुरुवात आहे.

त्या विहिरीला पुढे पाणी लागले. फार नव्हते, घरापुरते आणि दोन जनावरांपुरते. बाग मात्र तोडावी लागली. पुढे केव्हातरी त्या बाजूला जाणे झाले, तेव्हा म्हातारा नव्हता. सुनेने बांधावर चर खोदून घेतला होता आणि शेजाऱ्यालाही खोदायला लावला होता. पावसाळा तोंडावर होता. कोणाचे पाप, हा प्रश्न तिने पुन्हा काढला नाही आणि आम्हीही काढला नाही. तिने आम्हांला चर दाखवला आणि विचारले, “एवढा खोल पुरंल ना?” या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मात्र आम्ही खाली बसलो आणि मापाला काठी घेतली.